भाकरीची सवत

आमच्या बुलढाण्याकडून कुणी थायलंडला निघालं, की मला फोन येतो. बॅगा भरून झालेल्या असतात, पासपोर्ट छातीशी धरलेला असतो, आणि प्रश्न ठरलेला असतो. "काकू, तिथं त्यांचं जेवन कुठं चांगलं भेटते?" मी इतकी वर्षं टूरसोबत स्वयंपाकाला गेले, म्हणजे मला माहीत असणारच, असं त्यांना वाटतं. त्यांचं बरोबर आहे. मला माहीत आहे. क्राबीकडच्या एका समुद्रकाठच्या गावात अशी एक जागा आहे, की तिथलं जेवण माणूस वर्षभर विसरत नाही. पण ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, आणि या लेखातही पत्ता देणार नाही. संपादकांनी सगळं मोकळेपणानं लिहा असं सांगितलं होतं. पण मोकळेपणालाही काही हद्द असते.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा जळफळाट समजेल. बियाणं आणि खतं विकणाऱ्या दुकानदारांना कंपन्या विक्रीचं टार्गेट देतात. ते पूर्ण झालं की दुकानदाराला टूर 'लागते'. पूर्वी गोवा लागायचा, नंतर थायलंड लागायला लागलं. चिखलीचे रमेशभाऊ अशा टूर नेतात. सुरुवातीला त्यांनी जेवणाची सोय तिथल्याच हॉटेलात केली, तर माणसं जेवायच्या वेळी बसमध्ये जाऊन घरून आणलेला चिवडा खायला लागली. आमच्याकडचा माणूस विमानात बसायला तयार असतो, समुद्रात उतरायला तयार असतो, बायकोसमोर हाफ पँट घालायलाही तयार असतो, पण भाकर सोडायला तयार नसतो. रमेशभाऊंनी एका लग्नात माझ्या हातची भाकर खाल्ली होती. ते विचारत विचारत देऊळघाटला आमच्या घरी आले, आणि आमचे पासपोर्ट निघाले. आमचे म्हणजे माझा आणि ह्यांचा. मी स्वयंपाक करायची. हे सामान उचलायचे, भाज्या चिरायचे, वाढू लागायचे. आमचं वांग्यांचं आणि मेथीचं रान तेवढे दिवस धाकटे दीर पाहायचे.

परदेशात भाकर करणं वाटतं तितकं सोपं नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे त्यातला चिकटपणा जातो, आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दळण दळायचं, पीठ पूर्ण गार होऊ द्यायचं, आणि मग दुहेरी पिशवीत बांधायचं. गरम पीठ बांधलं की त्याला आतून घाम येतो. तवा आपलाच न्यायचा, कारण तिकडची कढई खोलगट असते आणि सपाट तवा शोधत फिरण्याइतका वेळ नसतो. विमानतळावर तवा पाहून दर वेळी एक साहेब थांबवायचे. मग मी दोन्ही हातांनी हवेत भाकर थापून दाखवायची, आणि मागची रांग हसायची. हॉटेलवाले मागच्या बाजूची छोटी मोरी आणि एक शेगडी आम्हाला ठरावीक वेळ वापरू देत. त्या शेगडीचा जाळ एवढा मोठा, की सुरुवातीच्या भाकरी एका बाजूनं काळ्या आणि दुसऱ्या बाजूनं कच्च्या. मी हॉटेलमागची एक फुटकी फरशी धुऊन जाळावर मधे ठेवली आणि तिच्यावर तवा. मग भाकर फुगायला लागली.

पण माझं नाव भाकरीमुळे झालं नव्हतं. आग्रहामुळे झालं होतं. आमच्याकडे जेवणाराला 'अजून पाहिजे का' असं विचारणं म्हणजे त्याला उपाशी उठवणं. विचारायचं नसतं, वाढायचं असतं. तो नको म्हणतो, आपण वाढतो. तो ताटावर हात आडवा धरतो, आपण बोटांच्या फटीतून भाजी सोडतो. पिंपळगाव राजाचे साहेबराव म्हणून एक खतवाले होते, अंगानं चांगले भरलेले. ते जेवण झाल्यावर ताट चक्क मांडीखाली दडवायचे. मी त्यांच्या हातातल्या पाण्याच्या ग्लासावर भाकर ठेवायची. मग ते हात जोडायचे, शिव्या घालायचे, आणि खायचे. रमेशभाऊ नव्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देताना म्हणायचे, की या ताईंच्या तावडीतून उपाशी कोणी सुटत नाही. मला ते फार आवडायचं. माणूस जेवताना त्याच्या ताटाकडे पाहत उभं राहणं आणि त्याचं ताट रिकामं होण्याआधी भरणं, यात मला जे सुख होतं ते स्वतः जेवण्यात नव्हतं.

तर एका टूरला माझं पीठ दगा देऊन गेलं. समुद्राची हवा ओली असते, आणि पिशवीला कुठंतरी बारीक भोक पडलं होतं. पिठाला कुबट वास यायला लागला. जेवढं बरं होतं तेवढं चाळून काढलं, पण ते पुरणारं नव्हतं आणि त्याची विरीही गेली होती. दुपारी सगळे बोटीतून बेटं पाहायला गेले होते. हे हॉटेलवर झोपले होते. मी पर्स घेऊन तांदळाचं पीठ शोधायला निघाले. त्यांच्याकडे एक चिकट तांदूळ असतो, त्याचं पीठ मिसळलं तर भाकर बांधून राहील असा माझा हिशोब होता. पीठ मिळालं, आणि भाकरी जमल्याही. पण पिठाच्या दुकानाकडून परतताना हॉटेलमागच्या गल्लीत मला वास आला.

टिनाचं छप्पर, स्टीलची चारदोन टेबलं, बाजूला स्कूटर दुरुस्तीचं दुकान. चुलीपाशी माझ्याच वयाची एक बाई. फुलाफुलांचा एप्रन, केस वर बांधलेले, आणि पुढ्यात मातीचा उंच खल. त्यात ती लसूण, हिरवी मिरची आणि भाजलेले शेंगदाणे कांडत होती. तो आवाज ऐकून मी जागीच थांबले, कारण ठेचा करताना आमच्या घरात तोच आवाज येतो. मग तिनं त्यात कच्च्या पपईचा कीस टाकला, लिंबू पिळलं, गूळ टाकला. मी एक बशी घेतली. नंतर नारळाच्या दुधाची, गवती चहा घातलेली एक पांढरी आमटी घेतली, भातासोबत. खाल्लं, आणि मला भीती वाटली. एवढं चांगलं जेवण माझ्या हॉटेलच्या पाठीमागं, हाकेच्या अंतरावर मिळत होतं. माझ्या पंगतीतल्या एकाला जरी याचा पत्ता लागला, तर दुसऱ्या दिवशी निम्मी पंगत इथं बसेल, आणि पुढच्या वर्षी रमेशभाऊ म्हणतील, ताई, आता पिठाची पोती कशाला वाहायची?

मग मी माझ्या परीनं बंदोबस्त केला. कुणी म्हणालं, "काकू, एक दिवस इथलं खाऊन पाहू म्हनतो, कुठं जाऊ?", तर मी मोठ्या आपुलकीनं समुद्रावरच्या हॉटेलचा रस्ता दाखवायची. बाहेर पदार्थांचे भलेमोठे फोटो, दारात मुजरा करणारी मुलगी, आणि आत सगळं गोडमिट्ट. साहेबरावांना मी तिथंच पाठवलं होतं. ते तासाभरानं आमच्या हॉटेलच्या मोरीपाशी आले आणि उंबऱ्यावर बसले. भातात अननस घातला होता म्हणे, आणि तो भातही पोखरलेल्या अननसातच वाढला होता. त्यांनी त्याचा फोटो काढून टूरच्या ग्रुपवर टाकला होता. मग त्यांनी माझ्याकडून वाढून घेतलं, आणि त्या दिवशी मला आग्रह करावा लागला नाही. मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्या बेसनावर कच्चं तेल जरा जास्तच सोडलं.

शाकाहारी मंडळींसाठी तर मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. त्यांच्या बहुतेक भांड्यांत मासळीचं खारं पाणी असतं, आपल्याकडे मीठ असतं तसं. उंद्रीच्या एका बाईंनी हॉटेलात नुसती भाजी म्हणून मागवलेली कोबी मोठ्या चवीनं खाल्ली, फोटो काढले, सुनेला पाठवले. मी त्यांना शांतपणे मासळीच्या पाण्याबद्दल सांगितलं. त्या बिचाऱ्या घरी गेल्यावर देवाला काय सांगू म्हणून बसल्या. मी त्यांना धीर दिला, माहीत नव्हतं त्याचा दोष लागत नाही म्हटलं, आणि ताट वाढून दिलं. मी सांगितलं ते खरंच होतं, पण सांगताना मला गोड वाटत होतं, हेही खरं आहे. आम्ही स्वतः मांसमच्छी खाणारे आहोत. मला मासळीच्या पाण्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं ते त्या एप्रनवालीचं.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी ती बाई माझ्या डोक्यात बसली. वास्तविक गाव तिचं, गल्ली तिची, मीच कानामागून गेलेली. पण मत्सराला एवढं कुठं समजतं? प्रत्येक टूरला मी एकदा तरी त्या गल्लीवरून जायची आणि तिच्याकडे किती माणसं बसली आहेत ते पाहायची. टेबलं रिकामी दिसली की माझी भाकर त्या दिवशी जास्त फुगायची.

मग ह्यांना कावीळ झाली. बुलढाण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. कावीळ उतरली, रिपोर्ट चांगले आले, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. डॉक्टर म्हणाले, आता औषध एकच, जेवण वाढवा. आणि हे जेवायलाच तयार नाहीत. अर्धी चतकोर भाकर कढीत कुस्करायची, चार घास गिळायचे, आणि हात धुवायला उठायचं. ज्या माणसानं पिठाची पोती खांद्यावर घेऊन विमानतळाच्या जिन्यानं धावत जावं, त्याला पाण्याची बादली उचलताना भिंतीचा आधार लागायला लागला. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर दिसायचा.

मी काय केलं नाही? वांग्याचं भरीत, बेसनाच्या पातोडीची भाजी, मुगाची खिचडी, ताकातली भाजी, गूळ घालून दशम्या. दर घासाला मी समोर. हा घ्या, एवढा एकच घ्या, माझ्यासाठी घ्या, पोरीची शपथ आहे घ्या. आमची पोर नांदायला जालन्याला दिलेली, तीही फोन करून ओरडायची. शेजारणी येऊन बसायच्या आणि त्याही म्हणायच्या, भाऊ घ्या. हे कधी रागावले नाहीत. फक्त तोंडातला घास एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत बसायचे. एवढ्या लोकांना मी खाऊ घातलं, आणि माझ्या घरचा माणूस माझ्यासमोर वाळत चालला होता. गावात बाया मला विचारायच्या, की भाऊ जेवतात का? मला त्या प्रश्नाची शरम वाटायला लागली होती.

पुढची टूर आली तेव्हा रमेशभाऊ ह्यांच्याबद्दल म्हणाले, पुंडलिकभाऊंना घरी राहू द्या, मी दुसरा माणूस देतो. मी ऐकलं नाही. घरी राहिले तर यांना जेवू कोण घालणार? मी म्हटलं, ओझं दुसरा उचलेल, हे माझ्याजवळ बसून लसूण सोलतील. तसे आम्ही परत त्या गावी पोचलो.

दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुपारची पंगत बसली की हे दिसेनासे व्हायचे. विचारलं तर म्हणायचे, फिरून आलो, डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे. चालण्याचा मलाही आनंदच होता. पण चालून आलेल्या माणसाच्या तोंडाला गवती चहाचा वास कसा येईल? वासाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. आमच्या धंद्यात मीठ वासावरून कळतं. मी चौथ्या दिवशी पंगत अर्धी सोडून मागोमाग गेले.

ते तिच्याकडेच होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी, बाह्या दुमडून, मांडीवर रुमाल टाकून बसलेले. पुढ्यात ती पांढरी आमटी आणि भात. मी स्कूटरवाल्याच्या दुकानाशी उभी राहिले. त्यांनी भात आमटीत कालवला, आपल्याकडे वरण कालवतात तसा, आणि खायला लागले. घास गालात फिरवणं नाही, थांबणं नाही. वाडगा संपला. त्यांनी तो उचलून तोंडाला लावला आणि तळाशी राहिलेलं प्यायले. मग रिकामा वाडगा थोडा पुढं सरकवला. ती बाई चुलीकडे तोंड करून कांडत होती. तिला बहुधा आवाजावरूनच समजलं. तिनं दुसरा वाडगा आणून ठेवला आणि परत पाठ फिरवून कांडायला लागली. ह्यांनी तोही खाल्ला.

कुणी म्हणेल, बाई, तुझा नवरा कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला, देवाला नारळ फोडायचा होतास. मला नाही सुचलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी दुसऱ्या बाईचा हात धरलेला पाहिला असता, तरी मला इतकं लागलं नसतं, कारण त्यावर भांडता तरी आलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? ती पैसे घेऊन भात विकत होती, आणि हे भूक लागली म्हणून खात होते. मला भूक लागत नाही असं माझ्याच पुढ्यात सांगणाऱ्या माणसाला तिथं भूक लागत होती. मी गल्लीतून परत आले, आणि अर्धवट सोडलेल्या पंगतीत साहेबराव ताट घेऊन तसेच बसलेले होते, कारण कुणी वाढलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी भरीत केलं. तिकडची लांब हिरवी वांगी शेगडीच्या जाळावर भाजली, लसणाची पात मिळाली नाही म्हणून त्यांच्याच कांद्याची पात घातली, शेंगदाणे घातले, वरून तेलाची फोडणी. लोकांनी बोटं चाटली. ह्यांच्यासमोर मी स्वतः बसले आणि एकेक घास करून ताटात ठेवत गेले. त्यांनी दोन घास घेतले आणि हात आखडला. मी म्हटलं, घ्या ना. ते म्हणाले, "पोट भरलं व." भरलं असेलच, कुठं भरलं ते मला माहीत होतं. मी ताट उचलून आतल्या मोरीत आपटलं, तेवढाच आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले, एकटी. माझा विचार सरळ होता. जे तिला येतं ते मला आलं, की मग तिचं काय काम? मी चुलीकडे बोट दाखवलं, स्वतःकडे बोट दाखवलं, आणि पातेलं ढवळल्यासारखं केलं. ती हसली आणि तिनं मला आत घेतलं. तेही मला आवडलं नाही. मी असते तर अशी अनोळखी बाई माझ्या चुलीपाशी येऊ दिली नसती. तिनं सगळं दाखवलं. गवती चहाचा पांढरा दांडा ठेचून घालायचा. आल्यासारखी एक मुळी चकत्या करून घालायची, पण ती आलं नव्हे. लिंबाच्या जातीची जोडपानं मधली शीर काढून फाडायची. नारळाचं दूध उकळू द्यायचं नाही. लिंबू चूल बंद केल्यावर. मी सगळं डोक्यात ठेवलं. निघताना तिनं ती पानं आणि मुळी वाळवलेली एका पुडीत बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तिनं तिचं नावही सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही.

टूर संपेपर्यंत हे दुपारी फिरायला जात राहिले, आणि मी जाऊ दिलं. चेहऱ्यावर थोडी तुकतुकी यायला लागली होती. रमेशभाऊ म्हणाले, हवा मानवली. मी हो म्हटलं.

देऊळघाटला परतल्यावर मी पुडी सोडली. गवती चहा आमच्या परसात दाट वाढलेला, नारळ बुलढाण्याहून आणला, किसून वाटून दूध काढलं. शेजारणी वासानं येऊन दारात उभ्या राहिल्या. मी चाखून पाहिलं. त्या बाईच्या आमटीत आणि माझ्या आमटीत काडीचा फरक नव्हता, उलट मिरची माझी सरस होती. ह्यांना पाट टाकला, वाडगा ठेवला, भात वाढला, आणि समोर बसले. त्यांनी पहिला घास घेतला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, चांगली झाली. दुसरा घास. तिसरा गालात फिरवायला लागले. मी म्हटलं, घ्या, तुमच्यासाठीच केली आहे. त्यांनी वाडगा अर्धा ठेवला.

मग माझा बांध फुटला. मी विचारलं, "तिच्याच हातचं पाहिजे का? असं काय घालत होती, जे माह्या हातात नाही?"

ह्यांनी वाडगा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तिच्या हातात काईच नव्हतं व. तुयं तिच्याहून चांगलं झालं."

"मंग काऊन नाही खात?"

"ते बाई वाटी ठेवे अन् पाठ फिरवे. म्या खाल्लं का टाकलं, तिनं पाह्यलं नाही. तू त माह्या घासाघासाकडे पाहत बसतं. मले आजारीच असल्यासारखं वाटते. कोनी तोंडाकडे पाहून राह्यलं त घास खाली उतरत नाही."

मी म्हटलं, "मंग एवढे दिवस सांगतलं काऊन नाही?"

"तुले काय सांगू? तू सगळ्या जिल्ह्यात त्याच्यासाठीच नावाजलेली."

ते उठून हात धुवायला गेले. मी त्या अर्ध्या वाडग्यासमोर बसून राहिले. ज्या गोष्टीचा मला गर्व होता, तीच गोष्ट त्यांच्या घशात अडकत होती. आणि ती बाई काहीच न करता जिंकली होती. तिनं आग्रह केला नाही, विचारलं नाही, पाहिलंसुद्धा नाही. ह्यांच्यासारखी कितीतरी माणसं तिच्या टेबलावर येऊन जात असतील, हे तिच्या लक्षातही राहिले नसतील. एवढ्याशा बेपर्वाईत तिनं माझ्या माणसाला जेवू घातलं, आणि मी इतके महिने जीव टाकून ते करू शकले नव्हते. मला तिचा एवढा राग कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ताट वाढलं. भाकरीचं टोपलं त्यांच्या हाताजवळ सरकवलं, भरताची वाटी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. आणि मेथीची जुडी घेऊन दारात, रस्त्याकडे तोंड करून निवडायला बसले. शेजारीण म्हणाली, काहो, भाऊ एकटेच जेवून राह्यले? मी तिला हातानंच गप्प केलं. मागून भाकर मोडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. माझी मान शंभर वेळा वळायला लागली, आणि मी डोकं जुडीत खुपसून ठेवलं. मग टोपल्यावरचं फडकं सरकलं. त्यांनी स्वतःच्या हातानं दुसरी भाकर घेतली होती.

त्यानंतर ते अंगानं भरत गेले. आता रानात जातात, वांग्यांची कॅरेट उचलून गाडीत टाकतात, पूर्वीसारखं मोठ्यानं खोकतात. टूरचं काम आम्ही सोडलं. रमेशभाऊ अजून बोलावतात, पण माझे गुडघे आता परातीपुढं तासन्‌तास बसू देत नाहीत. घरी पाहुणा आला, की त्याच्या ताटापाशी मी अजूनही उभी राहते. बोटांच्या फटीतून भाजी अजूनही सोडते. साहेबराव मागे मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते, त्यांना मी अंगणातून परत बोलावून भाकर दिली. माझा हात सगळ्यांसाठी तसाच आहे.

फक्त हे जेवायला बसले, की मी दारात जाऊन पाठ करून बसते. आवाजावरून मला सगळं समजतं, भाकर मोडली कधी, वाटी ठेवली कधी, पाणी प्यायले कधी. पण चेहरा दिसत नाही. आयुष्यभर मी परक्या माणसांना पोटभर जेवताना डोळे भरून पाहिलं. माझ्या माणसाला मात्र ते आजारातून उठल्यावर तसं जेवताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही त्या बाईच्या दारात.